साक्षीचं विरजण

ऑटोक्लेव्हच्या दाराची रबरी कड कुंदाने ओल्या फडक्याने पुसली, कुठे चीर आहे का ते बोट फिरवून पाहिलं, आणि तिला मनापासून वाटलं की असावी. एखादी तरी चीर असावी. तळाच्या जाळीत कापसाचा धागा अडकलेला असावा, किंवा वाफेच्या नळीत हवा राहिलेली असावी. मग दोष यंत्राचा ठरला असता आणि यंत्र दुरुस्त करता आलं असतं. पण कड नवी होती, जाळी धुतलेली होती आणि दाबाचा काटा जिथे असायला हवा तिथेच होता. सकाळपासून तिने यंत्राची सगळी नाडीपरीक्षा करून पाहिली होती आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं.

तरीही आतून निघालेला ट्रे तिने काळ्या कापडाखाली धरून निळा दिवा लावला तेव्हा तो चमकला. चिमट्यांच्या बिजागऱ्या, सुई धरायच्या पकडीचे दात, कात्रीचा सांधा, सगळीकडे हिरवट ठिपके. याचा अर्थ एकच होता. हत्यारांवर काहीतरी जिवंत आहे.

भिंतीपलीकडच्या खोलीत तिचा नवरा भालचंद्र पाय पोटाशी घेऊन पडला होता. एसटीच्या डेपोत तो मेकॅनिक. वर्षभर जांघेत गोळा बाळगून फिरत होता आणि 'अंगावरची गाठ आहे, कुणाला काय करायचंय' असं मनाशीच म्हणत होता. घरात बायको इस्पितळात कामाला असताना माणूस हे लपवू शकतो, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. पण इस्पितळात काम करणाऱ्यांच्या घरीच असले प्रकार जास्त होतात. आज सकाळी बसचं चाक उचलताना आतडं खाली उतरलं ते वर जाईना. डॉक्टर फरीदा मुजावर यांनी पोट चाचपलं आणि कुंदाला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, की आतड्याला पीळ पडलाय आणि त्याचं रक्त तुटलंय. संध्याकाळपर्यंत सोडवलं तर माणूस वाचेल. त्यानंतर आतडं काळं पडेल, आणि मग पोट उघडलं काय, न उघडलं काय.

मोरण्यासारख्या तालुक्याच्या गावात हर्नियाची शस्त्रक्रिया ही काही मोठी गोष्ट नव्हती. फरीदा मॅडमचा तो हातचा मळ होता. पण गेल्या आठवड्यापासून मोरण्यात कुठलीच शस्त्रक्रिया होत नव्हती.

कारण साक्षी.

साक्षी आली त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याआधी वाफेतून निघालेलं हत्यार खरोखर निर्जंतुक झालं की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नसे. ट्रेमधल्या एका पट्टीचा रंग बदलला की झालं असं धरून चालायचं. पट्टी एका कोपऱ्यात आणि जंतू दुसऱ्या कोपऱ्यात असले तर रोगी देवाच्या हवाली. मग कुणीतरी गरम झऱ्यांतला एक निरुपद्रवी जीवाणू घेतला. हा प्राणी परिस्थिती वाईट झाली की स्वतःभोवती कवच करून बीजाणू होऊन झोपतो आणि त्या झोपेत उकळतं पाणीही त्याला काही करू शकत नाही. त्याच्यात प्रकाश देणारं जनुक घातलं. मग रीत अशी ठरली की हत्यारं आधी या साक्षीच्या द्रावणात बुडवायची, मग गुंडाळून वाफेत घालायची, मग थोडा वेळ उबेच्या पेटीत ठेवायची. एखादा बीजाणू वाचला असेल तर उबेत जागा होतो आणि निळ्या दिव्याखाली हिरवा चमकतो. अंधार असेल तर मेला. आणि हा मेला तर बाकीचे जंतू कधीच मेले, कारण त्यांच्यात याच्याइतका चिवट कुणी नव्हता. प्रत्येक हत्याराच्या अंगावर त्याचा स्वतःचा साक्षीदार. शस्त्रक्रियागृहाच्या दारावर एक यंत्र बसलं, त्याला सगळे डोळा म्हणायचे. ट्रे काळा असेल तर डोळा दार उघडणार, नाहीतर नाही.

लोकांचा साक्षीवर इतका विश्वास बसला की पोलादी हत्यारं भंगारात गेली आणि हलकी, चिप बसवलेली संमिश्र प्लास्टिकची आली. ती वाफ सोसत, आग नाही. बुडवून ठेवायची तीव्र रसायनं हद्दपार झाली. आता ट्रे चमकत होता आणि हत्यारं जाळायची सोय नव्हती, भिजवायला काही नव्हतं. वाफेची वेळ तिप्पट करून झाली होती. फक्त सुरीचं पातं तेवढं बंद पाकिटातून येई, पण नुसतं पातं हातात घेऊन काय करायचं?

दुसरीकडे न्यावं तर तालुक्याची तिन्ही इस्पितळं बंद, जिल्ह्याचं बंद, घाटाखालचं बंद. सगळीकडे ट्रे चमकत होते. पुण्याला नेलं असतं, पण तिथे पोचेपर्यंत संध्याकाळ उलटली असती.

कुंदाच्या डोक्यात एक शंका आली होती आणि ती तिला अजिबात आवडलेली नव्हती. खात्री करायला तिने एक गोष्ट केली. कपाटाच्या तळाशी कंपनीच्या मूळ साक्षीची एक सीलबंद बाटली कधीची पडून होती. तिच्यातलं द्रावण एका कोऱ्या पट्टीला लावलं. दुसऱ्या कोऱ्या पट्टीला वाफघरातल्या रोजच्या भांड्यातलं लावलं. दोन्ही एकाच ट्रेमध्ये शेजारीशेजारी ठेवून वाफेत घातल्या. कंपनीची पट्टी काळी निघाली. भांड्यातली चमकली.

ते भांडं तिच्या नणंदेचं होतं.

प्रमिलावन्सं या इस्पितळात वाफघराच्या मुख्य सिस्टर होत्या, आता निवृत्त. कुंदाला इथे नोकरीला त्यांनीच लावलं आणि हत्यार कसं घासायचं, बिजागरी उघडी ठेवूनच कसं गुंडाळायचं, दोन गाठोड्यांमध्ये वाफ फिरायला जागा कशी सोडायची, हे सगळं त्यांनीच शिकवलं. कामात नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. एकदा कंपनीच्या बाटल्या येणं रखडलं आणि साक्षीवाचून शस्त्रक्रिया अडल्या, तेव्हा वन्संनी घरातल्या बाईला सुचेल तोच उपाय केला. उरलेली साक्षी एका भांड्यात घेतली, दुधाची पावडर घातली, बॉयलरच्या उबेला ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी भांडंभर साक्षी तयार. भांडं पूर्ण रिकामं करायचं नाही, तळाशी थोडी ठेवायची, तिच्यावर पुढची लावायची. एखादा ट्रे चमकला तर तो परत त्याच भांड्यात बुडवायचा आणि पुन्हा वाफेत. जिल्ह्याच्या ठिकाणी मंचावर बोलावून त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं गेलं. इतर इस्पितळांतल्या सिस्टर छोट्या बाटल्या घेऊन आल्या आणि विरजण मागून घेऊन गेल्या. वन्संनी कुणालाही नाही म्हटलं नाही. विरजणाला नाही कसं म्हणणार?

भावाची खबर लागताच त्या आल्याच होत्या. कुंदाने त्यांना वाफघरात घेतलं, दोन्ही पट्ट्या काळ्या कापडाखाली दाखवल्या आणि समजावलं. वाफेत जे मेले ते गेले. जो एखादा वाचला, तो चमकलेल्या ट्रेबरोबर परत भांड्यात आला आणि दूध पिऊन त्याची पिल्लावळ वाढली. पुन्हा वाफ, पुन्हा वाचलेला भांड्यात. वर्षानुवर्षं आपण सगळ्यात चिवट तेवढे वेचून त्यांनाच विरजण म्हणून लावत आलो.

वन्संनी ऐकून घेतलं आणि मग त्या चिडल्या. भांड्याला नावं ठेवायला सोपं आहे, म्हणाल्या. जाळी कुणी धुतली होती, कड कुणी पाहिली होती, हल्ली पोरींना काम नको आणि कारणं हवीत. कुंदाच्या मनाला फार लागलं. पण भांडायला वेळ नव्हता.

तेवढ्यात फरीदा मॅडम आत आल्या. त्यांनी पट्ट्या पाहिल्या आणि खुर्चीवर बसल्या. दार उघडणार नाही याचं त्यांना भय नव्हतं. म्हणाल्या, डोळा राहू दे बाजूला, मी बाहेरच्या टेबलावर करीन, माझी नोकरी गेली तर गेली. साक्षी चमकते ती चमकू दे, ती माणसाच्या अंगात वाढत नाही, तिला फार ऊब लागते. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की त्या भांड्यात साक्षीखेरीज दुसरं काही कधी पडलं होतं का.

वन्संनी भांड्यावरचं झाकण उचलून पुन्हा नीट बसवलं.

"पहिल्यांदा लागेना," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणून घरच्या ताकाचा एक चमचा घातला होता."

फरीदा मॅडमनी डोळे मिटले. म्हणजे भांड्यात फक्त साक्षी नव्हती. स्वयंपाकघरातल्या ताकात जे काही असेल, म्हशीच्या अंगावरचं, गोठ्यातल्या मातीतलं, तेही तिच्याबरोबर त्याच वाफेतून तितक्याच वेळा गेलं होतं आणि त्यातलंही जे वाचलं तेच पुढे लागलं होतं. ते काय आहे कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते चमकत नव्हतं.

"मग भालूचं काय?" वन्संनी विचारलं. आवाज इतका बारीक की कुंदाला त्या पहिल्यांदाच म्हाताऱ्या वाटल्या.

मॅडमनी खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग त्यांना कॉलेजातलं काहीतरी आठवलं. बीजाणू झोपेत असतो तोवरच दगड असतो. एकदा जागा झाला, कवचातून बाहेर आला, की साध्या उकळत्या पाण्यानेही मरतो. फार जुन्या काळी, दाबाची यंत्रं नसताना, लोक उकळायचे, मग उबेला ठेवून जागं व्हायला वेळ द्यायचे, मग परत उकळायचे. झोपलेल्याला मारता येत नसेल तर आधी उठवायचं. आणि उठवायला लागतं काय, तर त्याला आवडणारं खाणं आणि ऊब. ते या भांड्याइतकं दुसरं कुणाला ठाऊक होतं?

वन्सं पदर खोचून उठल्या. त्यांचं हे रूप कुंदाला माहीत होतं. दूध कालवलं, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून ऊब पाहिली, कमी वाटली म्हणून पुन्हा गरम केलं. नेहमीच्या दह्याला लागते त्याहून खूप जास्त ऊब याला लागायची आणि ती किती हे वन्संच्या मनगटालाच कळायचं. हर्नियाला लागणारी तेवढीच हत्यारं कुंदाने निवडली, प्रत्येकाचा सांधा उघडून दुधात सोडली. एक कात्री टोकाला वाकडी निघाली. तीही तिने सोडली, पण ट्रेमध्ये घ्यायची नाही म्हणून वेगळी. भांडं बॉयलरशेजारी ठेवून वन्संनी त्याच्याभोवती आपली शाल गुंडाळली. मंचावर मिळालेली तीच.

मग वाट पाहणं आलं. कुंदा नवऱ्याकडे गेली. त्याचा चेहरा राखाडी झाला होता आणि ओठ सुकले होते. पाणी द्यायची बंदी होती म्हणून तिने ओला कापूस ओठांवरून फिरवला. तो म्हणाला, डेपोतल्यांना सांग, चाक अर्धंच बसवलंय, कुणी गाडी काढू नका. तिने होय म्हटलं. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, वर्षभर का लपवलंस म्हणून. ती नुसती त्याचा हात धरून बसली. त्याच्या कण्हण्याचा आवाज हळूहळू कमी होत होता आणि ते चांगलं लक्षण नाही हे तिला कळत होतं.

परत येऊन तिने काळ्या कापडाखाली भांड्यात डोकावलं. सगळं दूध हिरवं पेटलं होतं. इतका उजेड तिने कधी पाहिला नव्हता. वळचणीला काजव्यांचं झाड लागावं तसा. सगळे जागे झाले होते.

"आता," वन्सं म्हणाल्या.

हत्यारं निथळली, धुतली, थंड होऊ न देता गुंडाळली आणि वाफेत गेली, ती वाकडी कात्रीही ट्रेच्या बाहेर, बाजूला. दोघी यंत्रासमोर उभ्या राहिल्या. नणंद-भावजयींनी एकमेकींचा हात धरायची त्या घरात पद्धत नव्हती, पण त्या दिवशी धरला. दाब उतरला, दार उघडलं, ट्रे उबेच्या पेटीत गेला आणि ठरलेल्या वेळाने निळ्या दिव्याखाली आला.

अंधार. एकही ठिपका नाही.

वन्सं रडायला लागल्या. डोळ्याने ट्रे पाहिला आणि दार उघडलं. भालचंद्रला आत नेलं. मॅडम हात धुवायला लागल्या.

कुंदा मागचं आवरत होती. सवयीचं काम, हाताला चाळा. उबेच्या पेटीच्या कोपऱ्यात ती वाकडी कात्री तशीच राहिली होती. ट्रे बाहेर गेला तेव्हा हिला कुणी काढलंच नव्हतं, त्यामुळे हिला नेहमीपेक्षा जास्त ऊब मिळाली होती. ठेवण्याआधी कुंदाने दिवा मारला, तोही सवयीनेच.

सांध्यापाशी एक ठिपका होता. मोहरीएवढा, फिकट, हिरवा.

ट्रेमधल्या हत्यारांना होतं तेच दूध, तीच वाफ. ट्रे काळा होता, कारण जे जागे झाले ते मेले. पण सगळे जागे झालेच नव्हते. काही आळशी होते, उशिरा उठणारे. ते झोपेतच वाफेतून गेले, ट्रेबरोबर डोळ्यासमोरून गेले, आणि झोपलेला चमकत नाही. अंधार म्हणजे मेला, हे आता खरं राहिलं नव्हतं. आपण सकाळपासून पुन्हा तेच केलं, तिच्या लक्षात आलं. या वेळी उशिरा उठणारे तेवढे वेचले. आणि साक्षीत उशिरा उठणारे असतील, तर ताकातून आलेल्या त्या दुसऱ्यांतही असणार.

ती कात्री घेऊन शस्त्रक्रियागृहाकडे निघाली. वन्संनी तिच्या हातात काय आहे ते पाहिलं आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या. त्यांना सगळं समजलं होतं. चाळीस वर्षांचं काम फुकट जात नाही.

"बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "भालू आत आहे."

"म्हणूनच बोलते."

"त्या थांबतील. थांबल्या तर तो गेला. कुंदा, तुझ्या पाया पडते."

कुंदाने त्यांना हाताने बाजूला केलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने वन्संना हात लावून बाजूला केलं. मग तिने काचेवर टकटक केली. मॅडमचे हात धुऊन झाले होते, भूल दिली गेली होती, भालचंद्रच्या पोटावर हिरवं कापड पसरलं होतं. कुंदाने कात्री वर धरून काय झालं ते थोडक्यात सांगितलं. काही लपवलं नाही.

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मास्कवर फक्त डोळे दिसत होते.

"कुंदाताई, वाफघराची बाई म्हणून सांगा. ही हत्यारं वापरू?"

"वाफघराची बाई म्हणून मी ही हत्यारं कुणालाही देणार नाही."

"आणि त्यांची बायको म्हणून?"

कुंदाला वाटलं होतं की आपल्याला रडू येईल. आलं नाही.

"करा," ती म्हणाली.

आतडं काळं पडायच्या बेतात होतं. मॅडमनी ते सोडवलं, गरम ओल्या कापडात धरून ठेवलं, आणि बराच वेळ काहीच झालं नाही. मग जांभळ्यातून हळूहळू गुलाबी रंग परत आला. टाके पडले. बाहेर आल्यावर मॅडमनी कुंदाच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. अभिनंदन करण्यासारखं काय आहे, हे दोघींनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून वन्संचा फोन वाजू लागला. मोरण्यात शस्त्रक्रिया झाली ही बातमी पसरली होती आणि सगळ्या इस्पितळांना तो उपाय हवा होता. प्रत्येकाकडे कुणी ना कुणी अडकलेला होता. वन्संनी प्रत्येकीला दुधाचं सांगितलं आणि लगेच कात्रीचंही सांगितलं. ट्रे काळा दिसला तरी खात्री धरू नका, म्हणाल्या. भांडी रिकामी करा, उकळा, पुरा, माझ्या नावाने शिव्या घाला, पण पुढे विरजण लावू नका. काही जणींनी ऐकलं, काही जणींनी फोन ठेवला. शेवटी वन्सं फोन पालथा घालून बसून राहायच्या. घरी त्यांनी दही लावणं बंद केलं. भालचंद्रला पथ्याचं ताक लागायचं, ते शेजारून यायचं, आणि ते उकळून द्यावं की काय असा विचार त्यांच्या मनात यायचा, इतकी त्यांची अवस्था झाली होती.

भालचंद्र मात्र उठून बसला. जेवण मागू लागला, डेपोतल्या चाकाची चौकशी करू लागला. रोज दुपारी खोलीत कुणी नसताना कुंदा पडदा ओढी, त्याच्या पोटावर काळं कापड धरी आणि खाली डोकं घालून टाक्यांवर निळा दिवा फिरवी. त्याला गंमत वाटायची.

"काय दिसतंय?" एकदा त्याने विचारलं.

"काही नाही."

"मग चांगलंच की."

ताकातून आलेलं ते दुसरं तर चमकतच नव्हतं. कापडाखाली गच्च अंधार होता. एके काळी तिने या अंधारावर हजारो माणसं डोळे मिटून आत पाठवली होती, आणि आता तोच अंधार तिला काही सांगत नव्हता. आत काही नाही, की आहे आणि झोपलंय? उद्या उठेल, की वर्षाने, की कधीच नाही? हे सांगणारं यंत्र अजून कुणी केलेलं नव्हतं.

तिने दिवा विझवला आणि कापड बाजूला केलं. मग लहानपणी आई ताप बघायची तसा तिने हाताचा मागचा भाग त्याच्या पोटाला लावला, टाक्यांच्या शेजारी. कातडी गार होती. निदान आज गार होती. तो म्हणाला, पुरे आता, गुदगुल्या होतात.

तिने हात काढला नाही.